अब्बांची चालण्याची शर्यत

ऑलिम्पिक किंवा एशियाड सुरू झालं की मला पदकांपेक्षा प्रश्नच जास्त पडतात. उंचावरून पाण्यात सूर मारणारे लोक बाहेर आल्या आल्या पुन्हा शॉवरखाली का उभे राहतात? आत्ताच तर भिजून आलेत. वजन उचलणारी बाई पुढं येण्याआधी त्या छोट्या बाटलीतलं काय हुंगते? तलवारबाजीत दोघं एकाच वेळी ओरडतात, दोघांनाही वाटतं आपणच जिंकलो, मग खरं कोण ठरवतं? आमच्याकडं कुस्ती आहे, कबड्डी आहे, खो-खो तर गल्लोगल्ली आहे. ते खेळ लहानपणापासून बघितलेले, त्यांत मला नवल वाटत नाही. पण कळंबमध्ये कुणी घोड्याला नाचवत नाही की बर्फासारख्या पांढऱ्या कपड्यात तलवार चालवत नाही. ते बघायला मिळतं ते दोन वर्षांतून एकदा, पंधरा दिवस.

मी इथल्याच एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या जागेवर ठेवणं, हे माझं काम. माझं सासर आणि माहेर एकाच गावात, मधे दोन गल्ल्या. सासरी टीव्हीवर क्रिकेट सोडून दुसरा खेळ लागला की नवरा म्हणतो, "हे काय लावलंय?" म्हणून असल्या स्पर्धा मी माहेरी जाऊन बघते. तिथं अब्बा असतात.

अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, गाद्या भरायच्या, दाभणानं टाके घालायचे. सगळं बैठं काम. दुकान आता भाऊ बघतो. मागच्या ऑलिम्पिकच्या आधी उन्हाळ्यात अब्बांच्या छातीत दुखलं, लातूरला नेऊन स्टेंट घालावा लागला. डॉक्टरांनी घरी सोडताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: रोज चाला. अब्बांनी मान डोलावली आणि घरी येऊन पलंगावर बसले ते बसलेच. अम्मा बोलून बोलून थकली. "चालून कुठं जायचंय मला?" हे त्यांचं उत्तर.

त्यांच्या सोबतीला रोज तात्या यायचे. तात्यांनी सगळा जन्म मेंढरांमागं काढला. त्यांच्या मेंढ्यांची लोकर अब्बांकडं पिंजायला यायची, तेव्हापासूनची दोस्ती. आता मेंढरं विकली, मुलगा नोकरीला लागला, तात्यांना दुपार खायला उठते. मग ते येऊन आमच्या ओसरीत बसतात. आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, पण तात्या आले की सगळे मराठीवर येतो.

त्या दिवशी मी नेमबाजीसाठी अर्धी रजा टाकली होती. फोन टीव्हीला जोडला आणि बघते तर पडद्यावर नेमबाजी नाहीच. रस्त्यावरून माणसांचा घोळका चाललेला. कंबर इकडून तिकडं हलतेय, कोपर मागंपुढं, आणि चेहरे असे की जणू घरी काहीतरी अनर्थ झालाय. तात्या पान लावत होते, त्यांचा हात थांबला.

"ह्यांच्या पायात काय गेलंय का?" तात्यांनी विचारलं.

"चालण्याची शर्यत आहे तात्या."

"चालण्याची?" अब्बा उठून नीट बसले. "एवढी घाई हाय तर पळत कामून न्हाईत?"

"पळायचं नाही, हाच खेळ आहे अब्बा. पळालं की बाद."

दोघंही हसत सुटले. तात्या म्हणाले, "असं चाललं असतं तर बायकोनं घरात घेतलं नसतं." अम्मा आतून डोकावून बघून गेली, ती पण हसली. मीही हसत होते. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका पंचानं एका खेळाडूला पिवळी गोल पाटी दाखवली. अब्बांचं हसू थांबलं.

"ते काय दाखवलं?"

मला तेवढं माहीत होतं. मी सांगितलं, नियम दोन. एक, कुठला तरी एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे, दोन्ही पाय एकदम हवेत गेले की ते पळणं झालं. दुसरा, पुढं टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून अंगाखाली सरळ येईपर्यंत गुडघ्यात वाकायला नको. पंच आधी पिवळी पाटी दाखवतात, ती ताकीद. मग लाल कार्ड. लाल कार्डं साचली की शिक्षा, शेवटी बाहेर.

"म्हणजे चालण्याला कायदा हाय," अब्बा म्हणाले. असं म्हणाले, जणू चालणं नावाची गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

थोड्या वेळानं पडद्यावर हळू गतीत पाय दाखवले. आम्ही तिघांनी स्पष्ट बघितलं, पुढच्या खेळाडूचे दोन्ही बूट एका क्षणाला जमिनीपासून सुटलेले होते. खाली सावली वेगळी, बूट वेगळे.

"चोर!" अब्बा ओरडले. "धरा त्याला! पंच झोपले का?"

कुणीच त्याला धरलं नाही. मलाही समजेना. मी फोनवर शोधलं तेव्हा कळलं की पंचांनी नुसत्या डोळ्यांनी बघायचं असतं. कॅमेऱ्यात दिसलेलं चालत नाही. माणसाच्या डोळ्याला जेवढं दिसतं तेवढाच गुन्हा. खरं तर जोरात चालणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचेच पाय क्षणभर सुटतात म्हणे, पण तो क्षण इतका बारीक की डोळ्याला सापडत नाही.

मी वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, "वा रे कायदा! दिसलं न्हाय तर पाप न्हाय."

अब्बा मात्र शर्यत संपेपर्यंत पडद्याला नाक लावल्यासारखे बसून राहिले. कोण जिंकलं ते त्यांनी विचारलंही नाही. माझी नेमबाजी तोवर होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना अम्माचा फोन आला. "तुझे अब्बा अंगणात काय करायलेत ते येऊन बघ. मला तर भ्या वाटायलंय."

मी गेले. अब्बा भिंतीला एक हात लावून लुंगीत चालत होते. एक पाय ताठ टाकायचा, मग दुसरा ताठ. कंबर हलवायचा प्रयत्न करत होते, पण कंबर ऐकत नव्हती. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस बेटी. खाली झोप."

"काय?"

"खाली झोपून बघ, पाय सुटायलाय का जमिनीचा. तुझ्या अम्माला सांगितलं, ती म्हणती माझी कंबर न्हाय वाकत."

शाळेची साडी नेसलेली, अंगण रात्रीच्या पावसानं ओलं. मी पोतं अंथरलं आणि खरंच पालथी पडले, गाल जमिनीला टेकवून. त्या उंचीवरून बापाचे पाय मी कधी बघितले नव्हते. टाचांच्या भेगा, अंगठ्याचं वाकडं नख, वर्षानुवर्षं मांडी घालून बसल्यानं घोट्यावर पडलेला काळा घट्टा. पाय यायचे, टेकायचे, जायचे. शेजारची खाला कुंपणावरून वाकून म्हणाली, "अगं काय हरवलं काय?"

"अब्बांचा पाय बघायलेय," मी म्हणाले. तिनं आणखी काही विचारलं नाही.

पाय अजिबात सुटत नव्हता. सुटण्याइतकं ते चालतच नव्हते. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांची छाती फुगली. "म्हणजे मी कायद्यात हाय."

तिथून सुरुवात झाली. डॉक्टरांचं, अम्माचं, माझं, कुणाचंच जे ऐकलं नव्हतं ते त्यांनी गुडघा ताठ राहतो का हे बघण्यासाठी केलं. आधी अंगण, मग गल्ली, मग सकाळच्या नमाजनंतर आमच्या शाळेचं मैदान. मी लातूरच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, दम लागला की थांबायचं, बाकी चालू दे. मैदानावर सकाळी चालणारे म्हातारे आधी हसले. मग एकानं विचारलं, भाई हे काय? अब्बांनी त्याला उभ्या उभ्या दोन्ही नियम समजावले. थोड्या दिवसांत चार-पाचजण कंबर हलवत चालायला लागले. त्यात एक निवृत्त पोस्टमन होते, सडसडीत, त्यांना ते लगेच जमलं. अब्बांना त्याचा जरा राग यायचा.

तात्यांना मात्र जमेना. ते सगळ्यांत वेगानं चालायचे, पण गुडघे वाकलेलेच. "ताठ पायानं मेंढरं वळली असती तर मेंढरं कर्नाटकात गेली असती," म्हणायचे. अब्बा त्यांच्या मागं लागायचे, "तात्या, गुडघा! गुडघा!" तात्या आणखी वाकवून चालायचे.

पावसाळा सरला, सोयाबीनच्या राशी झाल्या, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. मैदान कोरडं आणि मोकळं. अब्बांनी एक दिवस जाहीर केलं, शर्यत घ्यायची. पंच मी. दुसरे पंच आमचे पीटीचे सर, त्यांनाही ह्या खेळाबद्दल माझ्याइतकंच कुतूहल होतं. त्यांनी फक्कीनं मैदानावर लंबगोल आखला. मी टेबल टेनिसच्या चार बॅटींना कागद चिकटवले, प्रत्येक पंचाला एक पिवळी, एक लाल. दोघांचीही लाल मिळाली की बाद. पिवळ्या बॅटीच्या एका बाजूला लाटेसारखी रेघ काढली, पाय सुटल्याची. दुसऱ्या बाजूला वाकडा कोन, गुडघ्याचा.

अडचण आली कपड्यांची. गुडघा दिसल्याशिवाय तो ताठ आहे का वाकडा, कळणार कसं? पडद्यावरचे लोक आखूड चड्ड्यांत होते. अब्बा म्हणाले, "नक्को. गुडघे उघडे टाकून मी मैदानात जाणार न्हाय." त्यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी अम्मानं तोड काढली. अब्बांचा जुना पायजमा उसवला आणि मशीनवर मांडीपासून पोटरीपर्यंत इतका तंग करून शिवला की गुडघ्याची वाटी कापडातून दिसायला लागली. अब्बा तो घालून आरशासमोर बाजूनं उभे राहून बघत होते. "म्हातारपणी मला तमाशात घालती का?" म्हणाले, पण काढला नाही. तात्यांनी काही शिवून घेतलं नाही. धोतर वर खोचलं की झालं.

बक्षीसही अब्बांनीच तयार केलं. नव्या कापसाची एक उशी, स्वतः भरलेली, फुलाफुलाच्या कापडाची. कापड निवडताना त्यांनी अम्माला विचारलं, "आपल्या पलंगावर कसं दिसेल?" त्यावरून मला कळलं की उशी कुणाकडं जाणार हे त्यांच्या मनात ठरलेलं होतं.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. गावातले बरेच लोक नुसते बघायला आले होते. सरांनी शिट्टी वाजवली.

पहिल्याच वळणावर मी तात्यांना पिवळी बॅट दाखवली, वाकड्या कोनाची. तात्यांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना भाजी विकायला उभी आहे. पुढच्या वळणावर सरांनी लाल दाखवली. मग मी. तात्या थांबले, माझ्याजवळ आले.

"बाद का?"

"हो तात्या. गुडघा वाकतोय."

"बरं." त्यांनी रेघ ओलांडली, आणि रेघेच्या बाहेरून पुन्हा चालायला लागले. "मी शर्यतीत न्हाय आता. मी आपला भाईसंगं चाललोय." आणि खरंच शेवटपर्यंत ते बाहेरून अब्बांच्या बरोबरीनं चालले. त्यांना अडवणारा नियम मला सापडला नाही.

बाकीचे हळूहळू मागं पडले. शेवटच्या फेरीला पुढं दोघंच, पोस्टमन आणि अब्बा. पोस्टमन घड्याळासारखे चालत होते, टक टक टक. अब्बा लाल झाले होते, पण दम लागल्यासारखे दिसत नव्हते. मी डॉक्टरांचं बोलणं आठवून त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, म्हणजे पंच म्हणून मी पायांकडं बघायला हवं होतं आणि मुलगी म्हणून तोंडाकडं. शेवटच्या वळणावर तात्या बाहेरून ओरडले, "भाई, हाना!"

आणि अब्बा सुटले.

मी ते बघितलं. गुडघे उचलले गेले, कोपरं खाली आली आणि एक पाय उठल्यावर दुसरा टेकायच्या आधी मधे काहीतरी रिकामं होतं. खाली उजेड दिसला. माझा हात बॅटीकडं जाईना. मी खरंच बघितलं का? का पडद्यावर बघितलेलं डोळ्यात राहिलं होतं? त्या परदेशी पंचांबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. डोळ्याला दिसतं आणि त्याच क्षणी ते निघून जातं, परत बघायला मिळत नाही. उरतो फक्त आपला आपल्यावरचा विश्वास. मी लाल बॅट वर केली. पलीकडून सरांनीही केली.

अब्बांनी ती बघितलीच नाही. ते पोस्टमनच्या दोन हात पुढं रेघेपाशी पोचले. टाळ्या पडल्या. तात्यांनी त्यांना मिठी मारली. मग सर गेले आणि हळू आवाजात सांगितलं. अब्बांनी माझ्याकडं बघितलं.

"तू दाखवलंस?"

"हो अब्बा. पाय सुटले होते."

"डोळ्यानं बघितलंस?"

"डोळ्यानंच."

त्यांनी चप्पल घातली आणि घराकडं निघाले. मी मागं, तात्या माझ्या मागं. बाजार उघडत होता, लोक विचारत होते, भाई जिंकले का? अब्बा खाली मान घालून चालत होते. घरी येऊन ते पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसले. उशी तिथंच होती, तिच्याकडं पाठ केली. अम्मानं चहा आणला, तो निवला.

तात्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. "भाई, मी पण बाद झालोच की."

"तुमी पहिल्यापासून वाकडे," अब्बा भिंतीला म्हणाले. "मी तीन महिने ताठ चाललोय."

तेवढ्यात माझ्या फोनवर सरांनी व्हिडिओ पाठवला. त्यांनी एका पोराच्या हाती फोन देऊन शेवटचं वळण हळू गतीत टिपून घेतलं होतं. ते अब्बांना दाखवावं की नाही मला ठरवता येईना. बाद ठरवण्यासाठी त्याचा उपयोग नव्हता, ते तर झालंच होतं. आणि मी चुकले असेन तर? तेही बघायला हवं होतं. मला स्वतःलाच बघायचं होतं, हे खरं. मी त्यांच्याजवळ बसले आणि फोन पुढं केला. त्यांनी आधी हात झटकला. मग डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागले.

पडद्यावर तंग पायजमा घातलेला म्हातारा पाण्यातून चालल्यासारखा हळू हळू येत होता. दाढी उडत होती. तोंड उघडं. एक पाय मागं उठला. दुसरा पुढं होता, अजून टेकायचा होता.

"थांबव," अब्बा म्हणाले.

मी थांबवलं. दोन्ही पाय हवेत होते. खाली फक्कीची पांढरी रेघ, मधे मोकळी जागा, वर माझे अब्बा.

त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "हा मी हाय?"

"हो."

"दोन्ही पाय?"

"दोन्ही."

 मला वाटलं आता माझ्यावर चिडतील. त्यांनी आतल्या खोलीकडं वळून हाक मारली, "अगं ए, इकडं ये! बघ, मी पळालो!"

अम्मा हात पुसत आली. फोनमध्ये बघून म्हणाली, "या अल्ला. उडालात की."

"पळालो मी," अब्बा पुन्हा म्हणाले, ह्या वेळी तात्यांना. "शेवटचा कधी पळालो होतो, आठवतंय का तुमाला?"

तात्यांनी विचार केला. "तुमी? मला न्हाय आठवत. तुमी पळताना म्या कधी बघितलंच न्हाय."

अब्बा हसायला लागले, आणि मग आम्ही सगळेच. त्या दिवशी दुकानात, गल्लीत, नमाजला, जो भेटेल त्याला अब्बा सांगत होते, "मला बाद केलं. कामून माहीत हाय का? पळालो म्हणून!" कुणाला शंका आली तर फोन मागवून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी उशी काखेत घेतली आणि पोस्टमनच्या घरी चालत गेले, गावाच्या त्या टोकाला. तिथं चहा पिऊन आले. पोस्टमननं विचारलं म्हणे, कापूस कुठला? त्यावरून त्यांची दोस्ती जमली.

अजून ते रोज मैदानावर जातात. गुडघा ताठ राहिला काय, न राहिला काय, आता तेवढी काळजी करत नाहीत. लातूरचे डॉक्टर मागच्या वेळी खूश होते. अब्बांनी त्यांनाही दोन्ही नियम समजावून सांगितले आणि बाहेर पाच-सहा पेशंट खोळंबले.

पुढचं एशियाड आता आलंय. मी सुट्ट्यांचा हिशोब लावतेय. अब्बांनी जुने व्हिडिओ बघून एक नवीन प्रश्न काढलाय. ते काठी घेऊन उडी मारणारे असतात ना, आडव्या दांडीवरून, त्यांची ती काठी आमच्या ओसरीपेक्षा लांब असते आणि दुमडत नाही. अब्बांनी विचारलं, "हा माणूस कळंबचा असला तर धाराशिवला स्पर्धेला कसा जाईल? एसटीत तर घेणार न्हाईत."

तात्या म्हणाले, "टपावर बांधायची."

"टपावर आता बांधू देत न्हाईत."

"मग ट्रॅक्टर."

"आणि विमानात?"

मला माहीत नव्हतं. मी शोधतेय.